साबणकाका आणि नऊ शिव्या

मी एक जुना माइक आहे. वजनाने किलोभर, एके काळी चंदेरी, आता जागोजागी रंग उडालेला. माझ्या तोंडावर जाळी दिसते, पण बालमित्रांनो, ते तोंड नव्हे, तो माझा कान आहे. माझ्यासमोर उभं राहून माणसं बोलतात, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की बोलणं हे माझं काम. मी आयुष्यभर फक्त ऐकलं. आज पहिल्यांदा बोलतोय, तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझी कहाणी शिव्यांची आहे, पण एकही शिवी तुम्हाला ऐकायला मिळणार नाही. उगाच कान टवकारून बसू नका.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात कांद्याच्या सालीहून पातळ असा एक पडदा आहे. तो बसवणाऱ्या बाई श्वास रोखून काम करायच्या. शिंक येतेय असं वाटलं की धावत खोलीबाहेर जायच्या, मनसोक्त शिंकायच्या आणि परत यायच्या. माझ्या वेळी नेमकी त्यांना सर्दी झाली होती, म्हणून माझ्या एकट्या पडद्याला अख्खी सकाळ लागली. मग तपासनीस आला. त्याने माझ्यासमोर कंगव्याच्या दातांवरून नख फिरवलं आणि म्हणाला, "याचा कान फार तिखट आहे." माझं ते पहिलं कौतुक. मी अजून विसरलेलो नाही.

तरुणपणी मी रेडिओ केंद्रात होतो. तिथे बातम्या वाचणाऱ्या बाई मनगटावरचं घड्याळ काढून बाहेर ठेवायच्या, कारण त्याची टिकटिकसुद्धा मला ऐकू जायची. बारा वर्षांनी केंद्रात नवे माइक आले आणि माझी रवानगी फर्निचरच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर, एका डबिंग स्टुडिओत झाली. डबिंग म्हणजे काय, ते सांगतो. सिनेमाचं चित्रण झालं की अभिनेते स्टुडिओत येतात, पडद्यावर स्वतःचेच ओठ बघतात आणि तेच संवाद माझ्यासमोर पुन्हा बोलतात. ओठ मिटला की शब्दही मिटला पाहिजे. नाहीतर माणूस एक बोलतोय आणि ओठ दुसरंच काही चघळतायत, असं दिसतं.

काचेपलीकडे बसून हे सगळं मुद्रित करणारे गृहस्थ म्हणजे साबणकाका. त्यांना सगळे याच नावाने हाक मारायचे. किडकिडीत अंगकाठी, कानावर पेन्सिल, पायांत आवाज न करणारे कापडी बूट. नाव का पडलं, तर ते सिनेमे धुवायचे. एखाद्या सिनेमात शिव्या जास्त झाल्या की निर्माता धापा टाकत जिना चढून यायचा आणि म्हणायचा, "काका, हा सहकुटुंब बघता येईल असा करून द्या." काका मान हलवायचे आणि खणातून एक जाडजूड वही काढायचे.

त्या वहीचा मला फार आदर होता. तिच्यात हजारो निरुपद्रवी शब्द होते, आणि ते ओठांप्रमाणे लावलेले. एका भागात ओठ मिटून सुरू होणारे, दुसऱ्यात दात ओठांवर टेकणारे, तिसऱ्यात जबडा वासणारे. पडद्यावरचा माणूस कितीही घाण बोललेला असो, काका त्याच्या ओठांवर पाच मिनिटांत असा स्वच्छ शब्द बसवून द्यायचे, की बघणाऱ्याला शंकासुद्धा येऊ नये. परगावचे लोक ते काम बघायला यायचे आणि तोंडात बोट घालायचे. स्वतः काकांनी जन्मात शिवी दिली नव्हती. एकदा त्यांच्या पायावर लोखंडी स्टँड पडला, तेव्हासुद्धा ते "अगं आई गं, फार लागलं" एवढंच म्हणाले.

एकदा मात्र त्यांची फजिती झाली. एका सिनेमातल्या सगळ्यात जहाल शिवीच्या जागी त्यांनी 'भोपळीच्या' असा शब्द बसवला. ओठांना चपखल, अर्थाला निरुपद्रवी. सिनेमा चालला, आणि महिन्याभरात एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र आलं. मुलं मैदानावर एकमेकांना 'भोपळीच्या' म्हणून मारामाऱ्या करतायत, आणि शब्दात आक्षेपार्ह काहीच नसल्यामुळे शिक्षा कशाबद्दल करावी ते कळत नाही, असं त्यात लिहिलं होतं. काकांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि वहीत जपून ठेवलं. "शब्द धुतला," ते स्वतःशीच पुटपुटले, "पण त्याचं फेकणं तसंच राहिलं की!" पुढचे कितीतरी दिवस ते अस्वस्थ होते.

अशा या काकांकडे एका पावसाळी दुपारी एक मुलगी आली. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. तिने पहिला सिनेमा केला होता, विनोदी. विषय काय, तर एक प्लंबर आणि गळके नळ. तिचे बाबाच प्लंबर होते, आणि सिनेमातला माणूस म्हणजे थेट तिचे बाबा. काम एका नावाजलेल्या विनोदी अभिनेत्याने केलं होतं. सिनेमात एकशे सदतीस शिव्या होत्या.

"वितरक म्हणतो, शिव्या धुतल्या तर शंभर थिएटर देतो," ती म्हणाली. "नाहीतर मोठ्यांसाठीचा शिक्का बसेल आणि मग फक्त बारा. काका, मला शंभर हवीत. पण बाबाही हरवायला नकोत."

"आधी न धुतलेला दाखव," काका म्हणाले.

त्यांनी फर्निचरच्या दुकानातले सुतार, जिना झाडणाऱ्या बाई, दोन सहायक अशी दहा-बारा माणसं गोळा केली आणि सिनेमा लावला. मी कोपऱ्यात स्टँडवर होतो, त्यामुळे माझ्या कानातून काही सुटलं नाही. पहिल्या दहा शिव्यांना लोक खळाळून हसले. विसाव्या शिवीला दोघे हसले. पन्नासाव्या शिवीला एक सुतार जांभई देत होता. मध्ये एक प्रसंग होता, प्लंबर सिंकखाली अडकलाय आणि बादली घेऊन आलेल्या सफाईवाल्या बाईंवर तो सणसणीत शिवी हासडतो. त्याला एकच जण हसला, आणि जिना झाडणाऱ्या बाईंकडे लक्ष जाताच गप्प झाला.

मग काकांनी सिनेमा धुवायला घेतला. आठ दिवस लागले. अभिनेता रोज यायचा, माझ्यासमोर उभा राहून एकेक स्वच्छ शब्द बोलायचा, आणि काकांचं काम इतकं बिनचूक होतं की तो स्वतःच म्हणायचा, "अहो, मी शूटिंगला हेच बोललो होतो की काय!" माझ्या उभ्या आयुष्यात इतकी सुरेख धुलाई मी ऐकलेली नाही. पण काका काही खूश दिसेनात. मुलीचा चेहरा तर रोज थोडा थोडा उतरत चालला होता.

शेवटच्या दिवशी तिने बाबांना बोलावलं. वितरक दुसऱ्या दिवशी सिनेमा बघायला येणार होता, आणि बाबांनी 'चालेल' म्हटल्याशिवाय तो दाखवायचा नाही असं तिने ठरवलं होतं. बाबा आले. धुतलेला शर्ट, नीट भांग, हातात सवयीने घेतलेली हत्यारांची पिशवी. बूट दाराबाहेर काढावेत का, असं त्यांनी तीनदा विचारलं. सगळ्यांशी 'अहो-जाहो', चहा आणून देणाऱ्यालाही "बसा ना तुम्ही". त्यांना खुर्ची दिली आणि सिनेमातला एक तुकडा दाखवला. पडद्यावर अभिनेता पाइपशी झटापट करत कळवळून सभ्य शब्द बोलत होता.

"छान आहे," बाबा म्हणाले. "चांगल्या घरचा दिसतोय. कोण आहे हा?"

"बाबा, तुम्ही आहात."

"मी?" बाबांनी पडद्याकडे पुन्हा पाहिलं. "मला वाटलं, शाळेतले मास्तर सुट्टीत नळ दुरुस्त करतायत."

मुलगी हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते काकांनी पाहिलं आणि उगाच बटणं पुसायला घेतली.

आता आमच्या धंद्यातली एक पद्धत सांगतो. काम संपलं की ध्वनिमुद्रक खोलीतली नुसती शांतता मुद्रित करतो, एक मिनिटभर. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि बदललेल्या शब्दांखाली ती अंथरली नाही तर कानाला भोकं जाणवतात. त्या मिनिटात कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, खुर्चीसुद्धा करकरू द्यायची नाही. आणि काकांचा नियम असा की दारावरचा लाल दिवा एकदा लागला, की काही झालं तरी मुद्रण मध्येच थांबवायचं नाही.

दिवा लागला. सगळे पुतळ्यासारखे उभे राहिले. पण भिंतीपलीकडच्या न्हाणीघरात एक नळ गळत होता. टप. टप. तीन मिस्त्री येऊन हात टेकून गेले होते. काका बिचारे त्या दारावर जाड ब्लँकेट टांगून वेळ मारून न्यायचे. बाकीच्यांना तो आवाज कळतही नसे. मला कळायचा, आणि आता बाबांनाही कळला. मी त्यांचा श्वास ऐकत होतो. प्रत्येक 'टप'सरशी तो अडकत होता. दहा सेकंद त्यांनी कसेबसे काढले. मग त्यांनी पिशवी उचलली आणि आमची शांतता मोडू नये म्हणून चवड्यांवर चालत बाहेर गेले. दार त्यांनी इतकं हळू लोटलं की ते नीट लागलंच नाही.

आणि मग, मित्रांनो, मी जे ऐकलं ते माझ्या पडद्याला आजही आठवतं.

आधी पाना नटावर बसल्याचा आवाज. मग एक शिवी. पण ती फेकलेली नव्हती. हट्टी मुलाला अंघोळीला नेताना आई जशी बोलते, तशी ती नटाला उद्देशून, दात-ओठ खाऊन आणि तरीही मायेने दिलेली होती. दुसरी शिवी, हा नट आधी ज्याने इतका आवळला त्या अज्ञात कारागिराला. तिसरी स्वतःच्या गुडघ्याला, कारण तो वेळेवर वाकेना. प्रत्येक शिवी पाना फिरवतानाच्या श्वासाबरोबर बाहेर पडत होती. जोर लागला की शब्द, जोर सरला की शांतता. इतक्यात बादलीचा आवाज आला. जिना झाडणाऱ्या बाई न्हाणीघरात शिरल्या होत्या.

"या ताई, या," बाबांचा आवाज क्षणात लोण्यासारखा मऊ झाला. "जरा त्या बाजूला उभ्या राहता का? पाणी उडेल अंगावर. बादली द्या इकडे, मी भरून देतो."

बाई बादली घेऊन गेल्या. पावलं जिन्यावरून खाली उतरली. आणि पुढच्याच श्वासाला नटाला अशी एक शिवी बसली की तो बिचारा सुटलाच.

काचेपलीकडे काकांनी दोन्ही हातांनी हेडफोन धरला होता. आयुष्यभर शिव्या पुसणारा तो माणूस पोट धरून हसत होता, आवाज न करता, कारण लाल दिवा अजून चालू होता. मुलीने दुसरा हेडफोन ओढून घेतला. तीही हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मिनिट केव्हाच संपलं होतं. नियमाच्या पक्क्या काकांना दिवा बंद करायचं भानच राहिलं नव्हतं.

बाबा टॉवेलला हात पुसत परत आले. "झालं. नुसता वॉशर गेला होता. आता घ्या तुमची शांतता." मग त्यांना लाल दिवा दिसला. मग लेकीच्या डोक्यावरचा हेडफोन दिसला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ऐकलंत?"

मुलीने हळूच हेडफोन उतरवला.

"पुसून टाका," बाबा म्हणाले. "साहेब, हात जोडतो, पुसून टाका. लेकीसमोर मी आजवर एक वावगा शब्द काढलेला नाही."

तेव्हा काकांनी जे केलं, त्यासाठी मी त्यांना आजही मनोमन नमस्कार करतो. असा आवाज ध्वनिमुद्रकाला आयुष्यात एकदा मिळतो. पण त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. बाबांना जवळ बोलावलं, त्यांच्यासमोर बटण दाबलं आणि सगळं पुसलं. पुन्हा लावून दाखवलं. आत काही नव्हतं. बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "पुसून काय उपयोग? मी आठ वर्षांची असल्यापासून ऐकतेय. सुट्टीत तुम्ही मला कामावर न्यायचात. मी जिन्यावर पिशवी धरून बसायचे ना, तेव्हा सगळं ऐकू यायचं."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. "मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही मला न्यायचं बंद केलं असतं."

काकांनी तेव्हा सांगून टाकलं, की मूळ सिनेमात अशाच शिव्या होत्या आणि एक तर सफाईवाल्या बाईंवरही हासडलेली होती. मग बाबांनी खाली बघत विचारलं, "सिनेमात किती आहेत?"

"एकशे सदतीस."

"बाप रे! मी इतक्या देतो?"

"नाही. तुमच्या नऊ आहेत. बाकीच्या मी घातल्या. लोक हसणार नाहीत अशी भीती वाटत होती मला."

"आणि ती, सफाईवाल्या ताईंना दिलेली?"

मुलगी लाजेने चूर झाली. "तीसुद्धा माझीच."

"ती काढ," बाबा म्हणाले. "मी नळाला बोलतो. माणसाला नाही." ते थोडा वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले. "माझ्या नऊ आहेत त्या... राहू देत. नाहीतर नट सुटायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी वितरकाला निरोप गेला की चार दिवस थांबा, आणि अभिनेत्याला पुन्हा बोलावलं. माझ्या स्टँडशेजारी एक गंजका पाइप शिकंज्यात पकडून ठेवला आणि बाबा शिकवायला उभे राहिले. अडचण एवढीच की लेक समोर असताना त्यांच्या तोंडून खरी शिवी निघेना. शेवटी काकांनी आपली वही त्यांच्यापुढे धरली. मग काय विचारता! बाबा पाना फिरवत, घाम गाळत ओरडायचे, "भोपळीच्या!" आणि म्हणायचे, "बघा, आधी नाही बोलायचं. जोर लागला की आपोआप येते. तुम्ही ती आणता, म्हणून हसू येत नाही." अभिनेता पाना हातात घ्यायचा, जोर लावायचा आणि खरी शिवी द्यायचा. पहिल्या दिवशी त्याच्या तळहाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी शेवटची, नववी शिवी अशी आली, की काकांनी काचेपलीकडून टाळ्या वाजवल्या. बादलीवाल्या प्रसंगात ओठ काही केल्या जुळेनात, म्हणून तो सिंकखालून, नुसते पाय दाखवून पुन्हा चित्रित केला. त्यातले शब्द बाबांनी त्या दिवशी न्हाणीघरात बोललेले, अगदी तसेच ठेवले. ते पुसले गेले होते, पण आमच्या सगळ्यांच्या तोंडपाठ होते.

वितरकाने नऊ शिव्या ऐकल्या आणि बोटांवर मोजून सांगितलं, "बारा थिएटर." मुलीने काकांकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. "बारा चालतील," ती म्हणाली. म्हणताना तिचा आवाज खोल गेला होता, हे माझ्यापासून लपलं नाही. शंभरावर पाणी सोडणं सोपं नसतं.

पहिल्या खेळाला काका मला पेटीत घालून थिएटरात घेऊन गेले. लोक नेमके कुठे हसतात ते त्यांना मुद्रित करायचं होतं. मला शेवटच्या रांगेमागे उभं केलं. पुढच्याच खुर्च्यांवर बाबा आणि त्या मुलीची आई बसली होती. आईला बाबांनी काहीच सांगितलं नव्हतं. दिवे गेले तेव्हा ते घामाने डबडबले होते.

पहिली शिवी आली आणि थिएटर दणाणलं. बाबांनी डोळे गच्च मिटून घेतले. दुसरी आली, तिसरी आली, लोक हसत राहिले. मग सिंकखालचा तो प्रसंग आला. सणसणीत शिवी, बादलीचा आवाज, आणि लगेच, "या ताई, या. जरा त्या बाजूला उभ्या राहता का? पाणी उडेल अंगावर."

मित्रांनो, माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत तसा हशा मी ऐकलेला नाही. माझा पडदा फाटतो की काय असं वाटलं. संपूर्ण सिनेमातला सगळ्यात मोठा हशा ज्या वाक्याला मिळाला, त्यात शिवी नव्हती. पण आगेमागे त्या शिव्या नसत्या, तर त्या वाक्याला कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

त्या गोंधळात बाबा आईकडे वळून हळूच म्हणाले, "तुला वाईट वाटलं का गं?"

"वाईट कसलं?" आई डोळे पुसत म्हणाली. ती हसत होती. "तीस वर्षं बंद दाराआडून ऐकतेय. आत तुम्ही कसे दिसत असाल, ते आज कळलं."

बाबांनी मग डोळे मिटले नाहीत. उरलेल्या सगळ्या शिव्या त्यांनी बघितल्या.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. सिनेमा बारा थिएटरांतच चालला, पण पुष्कळ दिवस चालला. काका निवृत्त झाले. स्टुडिओत पेन्सिलीएवढे नवे माइक आले आणि मी पेटीत गेलो. अधूनमधून कुणीतरी मला बाहेर काढतं, टिचक्या मारतं, तोंडावर फुंकर घालतं, आणि चालत नाही म्हणून पुन्हा ठेवून देतं. माझ्या भावंडांशी तरी असं वागू नका. फुंकरीतल्या ओलाव्याने आमचा पडदा कुजतो. कोरड्या कापडात गुंडाळलंत, तर आम्ही तुमच्या नातवंडांचंही ऐकू.

आणि तो सिनेमा बघायला तुम्हाला अजून अवकाश आहे. मोठे व्हा, मग खुशाल बघा. पण एकटे बघू नका. आईला शेजारी बसवा आणि ती कुठे हसते, ते नीट ऐका.